गुलाबी चूळ आणि मिठाचा मान

आमच्या भावकीत रश्शात मीठ घालायचा अधिकार फक्त मला आहे. म्हणजे, होता.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? पण चैत्रात आमच्या भावकीचं देवीचं जेवण असतं. शंभर-सव्वाशे पान उठतं. परड्यात दोन चुली पेटतात, एकीवर मटणाचा तांबडा रस्सा, एकीवर पांढरा. पूर्वी म्हणे जो तो 'जरा मीठ बघतो' म्हणून वाटीत रस्सा घ्यायचा, आणि चव नीट कळावी म्हणून सोबत दोन फोडीही घ्यायचा (नुसत्या पाण्यावरनं चव कळते होय!). पंगत बसेपर्यंत पातेलं निम्म्यावर यायचं. शेवटी आमच्या आजोबांनी नियम केला. चव एकानं बघायची, बाकीच्यांनी वास घ्यायचा. त्या एकानं 'झालं' म्हटलं की झालं. त्यानंतर पातेल्यात बोट घालणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावणं नाही. हा मिठाचा मान आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आला. रान चुलतभावांकडे गेलं, पण माझी कधी तक्रार नव्हती.

मान माझ्याकडे यायला कारणही तसंच होतं. मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात गुळाची चव बघायला आहे. पंचवीस वर्षं झाली. सौद्याच्या आधी गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, टवका काढून जिभेवर ठेवायचा आणि प्रत सांगायची, हे माझं काम. खाऱ्या रानातल्या उसाचा गूळ किंचित खारट लागतो. तो किंचितपणा ओळखणारी जीभ दुकानात एकच, आणि ती माझ्या तोंडात, असं आमचे मालक चारचौघांत सांगायचे. त्या वेळी मी मान खाली घालून लाजायचो आणि मनात म्हणायचो, अजून एकदा सांगा की.

अशा या जिभेला नजर लागली ती माझ्या लेकीच्या लग्नापायी.

ऋतुजाला गडहिंग्लजचं स्थळ आलं. मुलगा निखिल, दातांचा डॉक्टर, दवाखाना कोल्हापुरातच. वडील चौगुले सर, हायस्कुलातनं निवृत्त झालेले, आवाज असा की अजूनही प्रार्थनेला उभे आहेत असं वाटावं. माघात ते बघायला आले. पोहे झाले, चहा झाला, पोरं एकमेकांकडे बघून खाली बघू लागली. सगळं उत्तम चाललं होतं. मी खुशीत येऊन एक विनोद केला आणि स्वतःच मोठ्यानं हसलो. हसता हसता माझं निखिलकडे लक्ष गेलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या तोंडात बघत होता!

निघताना पाया पडून तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "मामा, सवड काढून एकदा दवाखान्यात या."

तो ते सहज म्हणाला होता हे मला आज कळतं. त्या वेळी मात्र मला ती नोटीस वाटली. पावणं गेल्यावर मी ऋतुजाला विचारलं, "माझ्या दातांचं काय चुकलंय गं?"

"काय न्हाय बाबा. पंचवीस वर्षं गूळ खाल्लायसा, तसं दिसणारच की." (आमच्या पोरी तोंडावर बोलतात.) "तारीख घेऊन ठेवतो मी त्यांच्याकडं. जाऊन या."

"येडी का खुळी तू? होणाऱ्या जावयापुढं त्वांड वासून पडू व्हय?"

मग मी माझा मार्ग शोधला. त्याच सुमारास माझ्या बायकोची, शोभाची, अक्कलदाढ काढली होती. तिच्या डॉक्टरांनी चुळा भरायला एक गुलाबी माउथवॉश लिहून दिला होता. सात दिवस झाले, दाढ बरी झाली आणि निम्मी बाटली फळीवर शिल्लक राहिली. आमच्या घरात शिल्लक वस्तू वाया जात नाही. मी बाटली उचलली आणि आरशासमोर पहिली चूळ भरली.

बाटलीवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. चष्मा बाहेरच्या खोलीत होता. शोभा स्वयंपाकघरातनं ओरडली, "त्यात पाणी घालून घ्या वं! मला तसंच सांगितलंय."

पाणी? मी गवळ्याच्या घरात वाढलेला माणूस. आमच्या वडिलांनी उभ्या जन्मात दुधात पाण्याचा थेंब घातला नाही आणि घालणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवलं नाही. चांगल्या वस्तूत पाणी घालायचं, हे आमच्या रक्तातच नाही. मी टोपण भरून निव्वळ औषध तोंडात घेतलं. असं झोंबलं की डोळ्यांतनं पाणी आलं! म्हटलं, झोंबतंय म्हणजे काम करतंय. तांबड्या रश्शावर वाढलेल्या माणसाला झोंबल्याशिवाय गुण आल्यासारखा वाटतच नाही.

सकाळी एक चूळ, दुपारी एक, झोपताना एक. सौद्यात कांदाभजी खाल्ली तर जादा एक. एवढी चूळ भरल्यावर ब्रश कशाला झिजवायचा, म्हणून घासणंही आवरतं घेतलं. आणि प्रत्येक चुळीनंतर तोंडातलं झोंबणं मारायला वर कडक चहा. बाटली संपली. दुसरी आणली. औषधाच्या दुकानातला म्हणाला, "काका, किती दिवस सांगितलंय?" मी म्हटलं, "लग्न ठरेपर्यंत." त्यानं पुढं काही विचारलं नाही.

महिनाभरात परिणाम दिसू लागला. दात काळपट तपकिरी झाले! मी आरशात बघून हबकलो. एवढं औषध पोटभर देऊनही ही अवस्था, म्हणजे औषध न देता काय झालं असतं! लगेच डोस वाढवला. दात आणखी तपकिरी. डोस आणखी वाढवला. आता माझे दात काकवीत बुडवून काढल्यासारखे दिसू लागले आणि मी ओठ मिटून हसायला शिकलो. शेजारच्यांना वाटलं, सोयरीक चांगली आली म्हणून माणूस गंभीर झाला.

याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती, पण ती माझ्या ध्यानात आली नाही. माझ्या मते सगळ्या जगाचं मीठ कमी झालं होतं.

"शोभा, आमटी अळणी हाय."

"रोजच्यागत घातलंय."

"भाजीत तर मीठच न्हाय."

"अहो, पोरगी खाल्ली, मी खाल्लो, आम्हाला लागतंय की."

"तुमच्या जिभा बघून घ्या जरा."

शोभानं भांडण केलं नाही. तिनं मिठाची बरणी माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली आणि आपलं ताट घेऊन आत गेली. तीस वर्षं तिच्या हातचं नावाजून खाल्लेलं, त्यामुळे तिला ते लागलं असणार. पण मी काय केलं? बरणीतनं दोन चिमटी घेतल्या आणि 'आता जरा बरं लागतंय' म्हणालो! आज तो प्रसंग आठवला की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

एकदा ती म्हणालीही, "दाढ माझी काढली आणि चव तुमची गेली का काय?" मी हसलो. (ओठ मिटून.)

दुकानातही तेच. आमच्याकडे तोलायला रसूलभाई आहेत, माझ्याइतकेच जुने. मी एक रवा पहिल्या प्रतीत लावला. त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि तोंड कसंतरी केलं.

"दिनकरराव, ह्यो खारा हाय की!"

"कुठला खारा? साखर हाय साखर."

"आवं, घामासारखा लागालाय."

"रसूलभाई, वय झालं तुमचं. जीभ गेली."

बिचाऱ्यांनी दोन दिवस चहावाल्याला, हमालांना, येईल त्या शेतकऱ्याला 'माझी जीभ गेली असं वाटतं का वो तुम्हाला' असं विचारलं. मालकांनी तो रवा गुपचूप बाजूला काढून ठेवला. मला कुणी काही बोललं नाही. ज्याच्या जिभेचा पंचवीस वर्षं डंका पिटलाय, त्याला सांगायचं कुणी?

आणि अशा अवस्थेत चैत्र आला.

यंदाच्या देवीच्या जेवणाला चौगुले मंडळींना बोलवायचं आणि जेवणावरच सुपारी फोडायची, असं ठरलं होतं. निरोपात चौगुले सर म्हणाले होते, "जेवणावरनं घर कळतं." म्हणजे लेकीचं लग्न आता रश्शावर आलं होतं. ऋतुजा आठवडाभर माझ्या मागं होती. "बाबा, सगळं नीट होऊदे हं. मला लई पसंत हाय तो." असं ती कधी बोलायची नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मीठ माझ्या हातात हाय, तू काळजीच करू नकोस."

त्या दिवशी सकाळी मुद्दाम चार चुळा भरल्या.

परड्यात माझा चुलतभाऊ संभा चुलीवर होता. संभा उत्तम आचारी, पण मिठाचा मान आपल्याला मिळाला नाही हे शल्य त्याच्या पोटात वीस वर्षं आहे. मटण शिजत आलं तसा त्यानं मला आवाज दिला. मी हातपाय धुऊन, टोपी सारखी करून आलो. सगळी भावकी भोवती उभी राहिली. मी पळीनं रस्सा तळहातावर घेतला, चाटला, डोळे मिटले.

अळणी. अगदीच अळणी!

खडेमिठाची एक मूठ टाकली. ढवळलं. चाटलं. अळणी. दुसरी मूठ. अळणी. नेहमी तीन मुठींत काम होतं. चौथीला संभा चुळबुळला.

"दिन्या, बास की गा."

"तू आग बघ."

पाचवी. सहावी.

"दिन्या, आरं समुद्र करालाईस काय?"

"संभा, मान कुणाचा? तुझा का माझा?"

संभानं तोंड फिरवलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पण नियम म्हणजे नियम. आठव्या मुठीला माझ्या जिभेवर कुठंतरी लांबून मिठाची ओळख पटल्यासारखी झाली. मी हात झटकले आणि म्हणालो, "झालं!" मग पांढऱ्याकडे वळलो आणि त्यालाही तोच न्याय दिला.

पावणं आले. चौगुले सर, त्यांच्या मंडळी, निखिल आणि मागं जीप भरून नातेवाईक. मानाच्या पंगतीला पाट मांडले. ऋतुजानं स्वतः वाट्या वाढल्या. चौगुले सरांनी मिशा सारख्या केल्या, पांढऱ्या रश्शाची वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि एक मोठा घोट घेतला.

ते थांबले. वाटी तोंडाशी तशीच. डोळे समोर, थेट क्षितिजावर. मग त्यांचा कंठमणी एकदा वर गेला आणि खाली आला.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"झालाय..." त्यांनी शब्द शोधला. "जोरात झालाय."

"तर वं! घ्या की आणि!" म्हणून मी त्यांची वाटी काठोकाठ भरली. त्यांनी तांब्या उचलला आणि घटाघटा निम्मा रिकामा केला. शेजारी त्यांच्या मंडळी दह्याची चौकशी करत होत्या. पलीकडचे दोन नातेवाईक नुसती भाकरी मोडून कोरडी खात होते. निखिल शहाणा, तो कांद्याची एक फोड गेली पाच मिनिटं चावत होता. पाण्याचा एक जार संपला. दुसरा आणला. तोही संपत आला.

आता कुणालाही शंका यावी. पण मला काय वाटलं? मला वाटलं, तिखट लागलं!

"काय सर, तिखटाला भ्यालासा? गडहिंग्लजला बेतानंच खात्यात वाटतं!" मी म्हणालो आणि जोरात हसणार होतो, पण दात आठवले आणि तोंड मिटून नुसताच हुंकारलो. हा हुंकार फारच खवचट वाजला असणार, कारण सरांच्या कपाळाची शीर उभी राहिली.

"पावणं, मला बीपी हाय," ते म्हणाले.

"मग रस्साच प्यायला पायजे! रश्शानं बीपी पळतंय!" आणि मी तिसरी वाटी ओतली. नको म्हणणाऱ्याचा हात बाजूला करून वाढायचं, ही आमच्याकडची रीत, आणि त्या दिवशी मी ती मन लावून पाळत होतो.

चौगुले सर पानावरनं उठले!

भरल्या पंगतीत पावणा पान सोडून उठला! ऋतुजाच्या हातातली पळी खाली पडली.

"पावणं," सरांचा तो प्रार्थनेचा आवाज सगळ्या गल्लीत गेला असेल, "सोयरीक नको असली तर सरळ न्हाय म्हणायचं हुतं. मिठात बुडवून कशाला सांगायचं? माझ्या बायकोनं दोन तांबं पाणी प्यालं. आणि वर तुम्ही आमच्या गावाला हसालाय?"

"मीठ?" मी म्हणालो. "कुठलं मीठ? मीठ तर बेताचंच हाय की!"

"बेताचं?"

"संभा, सांग की यांना!"

संभानं हात वर केले. "मी कसं सांगू? मी चव बघितलेली न्हाय. नियम हाय." वीस वर्षांचं शल्य त्यानं त्या एका वाक्यात वसूल केलं.

मी भावकीकडे बघितलं. शंभर माणसं उभी, आणि सगळी आपापल्या पायांकडे बघत होती. तेवढ्यात शोभा पुढं आली. पदर खोचला, सरळ तांबड्याच्या पातेल्याजवळ गेली आणि आजोबांपासून कुणी केलं नव्हतं ते केलं. पातेल्यात बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

"अगं आई गं!" ती ओरडली. "अहो, हे काय केलंयसा?"

ऋतुजा रडायला लागली. तिच्या रडण्यानं मला पहिल्यांदा खरंच घाबरायला झालं. मी स्वतः पळीभर रस्सा प्यालो. शप्पथ सांगतो, मला काहीसुद्धा लागलं नाही! नुसतं गरम पाणी! माझं तोंड आ वासून उघडं राहिलं. अडीच महिन्यांत चारचौघांत पहिल्यांदाच.

"मामा," निखिल उठला, "तसंच राहा. मिटू नका."

"आं?"

"जरा उजेडाकडं या."

त्यानं हात धुतले, मला पाटावर बसवलं आणि मोबाईलची बॅटरी लावून माझ्या तोंडात डोकावला. त्याच्या मागून संभा डोकावला. मग चुलते. मग चुलत्या. कोणीतरी म्हणालं, "आगागागा!" ज्या तोंडाला मी होणाऱ्या जावयापासून एवढं जपलं, ते आता सगळी भावकी रांगेनं येऊन बघून जात होती.

"मामा, कुठला माउथवॉश वापरताय?"

ऋतुजानं पळत जाऊन बाटली आणली. निखिलनं ती बघितली आणि मान हलवली.

"हे औषध आहे. दाढ काढल्यावर, हिरड्यांना सूज असली तर, आम्ही आठवडा-पंधरा दिवस देतो. तुम्ही किती दिवस घेताय?"

"अडीच म्हैनं."

"दिवसातनं एकदा?"

"आधी तीनदा. मग वाढवत नेलं. आज सकाळीच चारदा."

"पाणी घालून ना?"

"पाणी घालायला ते काय दूध हाय व्हय?" मी चिडून म्हणालो. "आणि दुधात तरी घालत्यात काय?"

निखिलनं ओठ दाबले. "आणि चूळ भरल्यावर चहा?"

"न्हायतर तोंडाची चव कशी जायाची?"

"गेली की मामा," तो म्हणाला. "सगळीच गेली. हे औषध जास्त दिवस घेतलं तर चव मंदावते, मिठाची तर पहिल्यांदा. वर चहा, म्हणून दात असे झाले. बंद केलं की चव येईल परत, घाबरू नका. दातांवरचं मी घासून काढतो. पण रोज चुळा भरून दात साफ होत नाहीत. ते काम ब्रशचं. सकाळ-संध्याकाळ नीट घासायचं, दातांच्या फटी साफ करायच्या. दुकानात साधे माउथवॉश मिळतात, त्यानं वास जरा बरा येतो, पण तेही घासण्याच्या जागी नव्हे. बहुतेकांना रोज काही लागत नाही त्यातलं."

"मग तुम्ही त्या दिवशी दवाखान्यात या म्हणालासा त्ये?"

"एक दाढ किडल्यासारखी वाटली होती. ती भरायला."

मी खाली बघितलं. "मला वाटलं, असल्या त्वांडाचा सासरा तुम्हाला चालणार न्हाय. पोरीचं ठरलेलं मोडंल म्हणून घेत हुतो मी."

मग चौगुले सर सावकाश पाटावर परत बसले.

"म्हणजे पोरगी आमच्यात द्यायची म्हणून ह्या माणसानं अडीच म्हैनं बिनपाण्याचं औषध तोंडात धरलंय," ते म्हणाले आणि त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. "बिनपाण्याचं! गवळ्याची जात!" आणि ते असे हसले, असे हसले, की बीपी असलेल्या माणसाला एवढं हसू द्यावं का याची चौकशी मी निखिलकडे केली. पंगत हसली. चुलीमागं तोंड लपवून शोभाही हसली. ऋतुजा रडता रडताच हसत होती.

मग संभानं बाह्या सरसावल्या. दोन्ही पातेल्यांतला रस्सा चार पातेल्यांत वाटला, बादल्यांनी पाणी घातलं, वाटण पुन्हा केलं, नारळ फोडले, बटाटे सोडले. तासाभरात दुप्पट रस्सा तयार झाला. आता एवढा रस्सा खाणार कोण? सगळ्या गल्लीला बोलावणं गेलं. रसूलभाईंना मी स्वतः फोन केला आणि पहिली माफी मागितली. ते म्हणाले, "म्हणजे माझी जीभ हाय न्हवं?" मी म्हटलं, "भाई, सबंध यार्डात तुमचीच हाय." त्या दिवशी आमच्या गल्लीत दुसरी चूल पेटली नाही. आणि त्या चारही पातेल्यांची चव बघितली शोभानं. 'झालं' असं ती म्हणाली तेव्हा सगळी भावकी 'झालं!' म्हणून ओरडली, आणि मिठाचा मान माझ्या डोळ्यांदेखत तिच्याकडे गेला. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या रात्रीपासून जेवताना मिठाची बरणी फळीवर परत गेली आणि ती माझ्याशेजारी बसून जेवू लागली, हेही खरं.

सुपारी फुटली. लग्न तीन आठवड्यांवर धरलं. मधल्या काळात जावयानं मला खुर्चीत आडवं करून पाऊण तास दात खरवडले. दाढही भरली. गुळाची गोडी चार-पाच दिवसांत परत आली, कडू-तिखटही कळू लागलं, पण मिठाचा पत्ता नव्हता. मी रोज सकाळी मिठाचा खडा जिभेवर ठेवून बघायचो आणि उदास व्हायचो. निखिल म्हणायचा, "येईल मामा." पण पंचवीस वर्षं ज्यावर भाकरी खाल्ली ती गोष्ट येईल-येईल करत येत नाही, तेव्हा माणसाला झोप लागत नाही.

लग्न थाटात झालं. पाठवणीची वेळ आली. ऋतुजा आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या. मी ठरवलं होतं रडायचं नाही. पण तिनं कानाशी हळूच म्हटलं, "बाबा, चूळ भरताना पाणी घालून घ्या हं," आणि माझा बांध फुटला. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, गालावरनं मिशीत, मिशीतनं ओठावर, आणि ओठावरनं आत.

मी थबकलो. जीभ फिरवली. पुन्हा फिरवली.

"खारट!" मी किंचाळलो. "शोभे, खारट लागालंय! आलं! आलं की गं!" आणि मी तिथंच, मांडवाच्या दारात, लेक गाडीत बसत असताना, दोन्ही हात वर करून उडी मारली.

या सगळ्याचं चित्रीकरण आहे. चौगुल्यांच्या घरी पावणं आले की ते अजून लावतात. त्यात नवरी रडते, आई रडते, आत्या-मावश्या रडतात, संभासुद्धा डोळे पुसतो. आणि मधोमध नवरीचा बाप जावयानं घासून दिलेले पांढरेशुभ्र बत्तीस दात दाखवत नाचतो आहे.